करंज्यांचं ताट

आई,

परवा नाताळच्या सकाळी तुझं ते काठाला पोचा आलेलं पितळेचं ताट मी करंज्यांनी भरलं, वर फडकं टाकलं आणि ओढ्याकडच्या वावरात राहणाऱ्या काकूंच्या घरी नेऊन दिलं. तू हे वाचणार नाहीस, ठाऊक आहे. पण ताट देऊन आल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आपल्या गावात ख्रिस्ती घरं इनमीन सात आणि कबरस्तान ओढ्याच्या अंगाला, काकूंच्या वावरापलीकडं. त्या वावरातून जाणारी पाऊलवाट हीच आपली शेवटची वाट. बाबांना तिथूनच नेलं. नाताळला पहिला घाणा निघाला की तू आधी प्रार्थना करायचीस, मग काकूंचं ताट भरायचीस आणि त्यानंतर कुठं आम्हा लेकरांचा नंबर लागायचा. ताट तू स्वतः न्यायचीस आणि ते कधी रिकामं परत आलं नाही. काकू त्यात त्यांच्या गुऱ्हाळातल्या काळ्या गुळाचा खडा ठेवायच्या. पुढं मला तालुक्याला जमीन मोजणीच्या कार्यालयात नोकरी लागली आणि माझ्या डोक्यात नकाशे शिरले. "वाट आपल्या हक्काची आहे, नकाशात आहे. ताट घेऊन त्यांच्यापुढं कशाला वाकायचं?" असं मी तुला म्हणालो. सुनेसमोर, नातीसमोर म्हणालो. तू हातातला झारा खाली ठेवलास. "लेका, मी वाकत न्हाई. तुझ्या बापाच्या बाजूला निजायचं हाय मला. जित्ती हाय तवर वाट मी राखते. हक्काच्या वाटंवर कापसाची पऱ्हाटी लावायला कितीसा येळ लागतो?" मी हसलो होतो, आई. चांगला मोठ्यानं हसलो होतो.

मग तुझे गुडघे गेले आणि ताट माझ्या हाती आलं. पहिल्या वर्षी मी निघालो खरा, पण पारावर माझ्याबरोबर शिकलेले चौघं बसलेले दिसले आणि मला लाज वाटली. सरळ गाडी काढून नांदूरघाटला गेलो, करंज्या तिथल्या एका हॉटेलात देऊन टाकल्या, बाजारातून गूळ घेतला आणि तो ताटात ठेवून परत आलो. "दिलं गं. लई खूश झाल्या काकू," असं तुला सांगितलं. तू खडा तळहातावर फिरवून पाहिलास आणि माझ्याशी नाही, नातीशी बोललीस, "यंदा पिवळा हाय गं गूळ." मग डोळे मिटून काकूंच्या हाताला यश दे म्हणून देवाकडं मागितलंस. तरी दुसऱ्या वर्षी मी तेच केलं.

तू गेलीस ते भाद्रपदात. अजून ती दुपार डोळ्यांपुढून हलत नाही. ऊन नुसतं भाजतंय. सहाजणांनी तुझी शवपेटी खांद्यावर घेतली आहे, पुढं चर्चचे पाळकसाहेब, मागं तुझी नात तेविसावं स्तोत्र म्हणतेय. वावरापाशी येतो तर वाटच नाही. छातीएवढी कपाशी उभी आहे आणि बांधावर काकूंचा मुलगा. "पिकातून न्हाई जाऊ देणार, दादा. पाटी पाटी बोंडं हायती." दुसरीकडून जावं तर ओढा दुथडी भरलेला. मी खिशातून नकाशाची प्रत काढतो. हाताखालून गावोगावचे नकाशे गेले, पण आपल्या गावचा मी त्या सकाळी पहिल्यांदा काढला होता आणि घाईत नीट पाहिलाही नव्हता. कबरस्तानाच्या जागेचा गट नंबर आहे. वाटेची तुटक रेघ कुठंच नाही. "दाखवा की," तो म्हणतो. मी कागदाची घडी घालतो. पेटी खाली टेकवली जाते, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणतं, तालुक्याच्या कबरस्तानात न्यायचं का? बाबांच्या शेजारची जागा तू एवढी वर्षं झाडून ठेवलेली.

तेवढ्यात काठी टेकत काकू आल्या. पेटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "दोन सालं ताट न्हाई आलं. आमी म्हनलं, तुमी लोकांनी वाट सोडली, मंग पेरलं. का म्हून न्हाई आलं रं ताट?"

सगळे माझ्याकडं बघत होते. पाळकसाहेब, तुझी सून, तो पिवळा गूळ खाल्लेली तुझी नात. आणि मी म्हणालो, "आईला होत नव्हतं काकू. तिच्या ध्यानातच राहत नव्हतं."

अख्खी स्तोत्रं तोंडपाठ असलेली तू. तुझ्या पेटीवर हात ठेवून मी हे बोललो. काकू "आसं व्हय" म्हणाल्या, बांधावरचा विळा उचलला आणि स्वतः कपाशी कापायला लागल्या. मग मुलानंही दुसरा विळा घेतला. बोंडं लगडलेली झाडं आडवी होत गेली आणि त्यावरून आम्ही तुला नेलं. तू बाबांच्या शेजारी आहेस.

परवा काकूंनी ताट परत दिलं, त्यात काळा गूळ होता. "बिचारीला शेवटी इसरच पडला," त्या म्हणाल्या. मी हो म्हणालो. आता गूळ फळीवर आहे आणि तुझी नात त्याला हात लावत नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "पप्पा, आजी कधी काय विसरली होती?"

हे पत्र तुझ्या कबरीवर नेऊन ठेवावं असं सकाळपासून मनात आहे. पण वाट काकूंच्या दारावरून जाते आणि त्या दिवसभर ओट्यावर बसलेल्या असतात. कुठं निघालास, हातात काय आहे, असं त्या विचारतील. म्हणून मी अजून घरीच आहे.