राजरत्नला न दिलेल्या ‘जय भीम’बाबत

मी, चांगदेव राघो तांबे, वय एकोणऐंशी, धर्माने बौद्ध, निवृत्त शिक्षक, राहणार कळवा, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवतो. नौपाड्याच्या डॉक्टरांनी यकृताविषयी जे सांगितले ते मला नीट समजले आहे. दिवस थोडे आहेत.

१. चाळीच्या पुनर्विकासात मिळालेली चौथ्या मजल्यावरील सदनिका माझा मुलगा राजरत्न व मुलगी प्रियांका यांना समसमान मिळावी. बँकेतील ठेव एकट्या प्रियांकाची. सहा वर्षे माझी औषधे आणि माझा स्वभाव तिनेच सांभाळला.

२. माझे पाली ग्रंथ व टिपणवह्या राजरत्नची मुलगी समृद्धी हिला द्याव्यात. एका वहीत ‘मित्तदुब्भी’ या शब्दावर पाच पाने आहेत: ज्याच्या विश्वासावर आपण जगलो त्याचाच घात करणारा, तो मित्रद्रोही. अर्थ बरोबर आहे. तो मी कोणाला लावला, हे तिने पुढे वाचावे.

३. सहा वर्षांपूर्वी, चाळीबरोबर आवारातील विहारही पाडण्याच्या संमतीपत्रावर राजरत्नची सही असल्याचे मला कळले. रविवारच्या वंदनेनंतर तो नेहमीप्रमाणे पुढे येऊन म्हणाला, “जय भीम, बाबा.” मी उत्तर दिले नाही. सर्वांसमक्ष त्याला धम्माचा आणि बापाचा द्रोही म्हटले.

तो एवढेच म्हणाला, “तुम्ही म्हणता तसं, बाबा.” त्याच आठवड्यात पत्नी दीप्ती व लेकीला घेऊन तो डोंबिवलीला राहायला गेला.

४. गेल्या महिन्यात या मृत्युपत्रासाठी जुनी कागदपत्रे मागवली. प्रियांका वाचून दाखवत होती.

“बाबा, संमतीपत्रावर पहिली सही तुमचीच आहे.”

“नीट वाच.”

“तीनदा वाचली. दादाची सतरावी आहे.”

त्या रविवारच्या आधी, माझ्या मोतीबिंदूच्या दिवसांत, चाळीचे सेक्रेटरी महिपत सावंत विहाराच्या दुरुस्तीचा अर्ज म्हणून एक कागद घेऊन आले होते. पालीचा वर्ग चालू होता. मी तो वाचून न घेताच सही केली. ‘गुरुजींनी केली’ म्हणून इतरांनीही केल्या. राजरत्नने मात्र आपल्या सहीखाली स्वहस्ते अट घातली आहे: नव्या इमारतीत तळमजल्यावर विहारासाठी सभागृह द्यावे. त्याच सभागृहात बसून मी दोन वर्षे निष्ठेवर प्रवचने देतो आहे.

त्या रविवारी पहिली सही कोणाची, हे त्याला ठाऊक होते. चारचौघांत बापाची लाज राखावी म्हणून तो गप्प राहिला. द्रोह झाला तो माझ्या हातून.

५. महिपत यांनी माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये, असे कलम लिहिले होते. ते खोडले आहे. कागद त्यांनी आणला, वाचून घ्यायचे काम माझे होते.

६. राजरत्नला मी रोज फोन करतो. काल दीप्तीने उचलला. “बाबा, रागावले नाहीत हो ते. इथेच बसलेत. पण फोन हातात घेत नाहीत. तुम्ही आणखी काही बोलाल, याची धास्ती वाटते त्यांना.”

पन्नास वर्षे बुद्धवचनांची सुत्ते वाचली. या वाक्यापुढे काय करावे, ते एकातही सापडत नाही.

७. येत्या रविवारी वंदनेनंतर कलम तीन व चार मी स्वतः उभा राहून वाचीन. मला उभे राहता आले नाही, तर विहार समितीचे अध्यक्ष महेंद्र मोहिते यांनी वाचावे, एकही शब्द न गाळता. राजरत्नला तेथे बोलावू नये. पुन्हा त्याला लोकांसमोर उभे करण्याचा मला अधिकार नाही. माझ्या अंत्यविधीला तो आला नाही, तरी कोणी त्याला नावे ठेवू नयेत.

८. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडायचे असते. मला तेवढे थांबणे शक्य नाही. उद्या सकाळी रिक्षा करून मी एकटाच डोंबिवलीला जाणार आहे. बेल एकदाच वाजवीन. दार उघडले नाही, तर याची एक प्रत दाराखालून आत सरकवीन आणि जिना उतरेन.

हे मृत्युपत्र साक्षीदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. मजकूर माझाच आहे. त्यांच्यासमक्ष सही केली; त्यांनी माझ्यासमक्ष केली.

सही: चांगदेव राघो तांबे

साक्षीदार:
१. महेंद्र गोपाळ मोहिते, कळवा
२. विमलाबाई दत्ताराम कदम, शेजारी, कळवा

स्थळ: कळवा, ठाणे
दिनांक: १२ नोव्हेंबर २०२५