शोभाबाईला खाली उतरवा

मी, उखा दगा महाजन, वय ६८, मूळ गाव पारोळा तालुक्यातले, हल्ली मुक्काम लिंबायत, सुरत, हे मृत्युपत्र राजीखुशीने सांगून लिहून घेत आहे. डोके ठिकाणावर आहे. डोळे नाहीत, ते एकोणतीस वर्षांपूर्वी सुरतजवळ पलसाण्याच्या एका डाइंगमध्ये, कापड रंगवायच्या कारखान्यात, वाफेने गेले. "माझ्यामागे भांडण होऊ नये म्हणून" असे वकीलबाईंनी सुरुवातीला घातले होते. ते मी काढायला लावले. भांडण व्हावे अशीच माझी इच्छा आहे.

१. माझी पत्नी कै. शोभाबाई हिचे पाय लहानपणीच पोलिओने गेले होते. चार चाकांच्या फळीवर बसून तिने रेशन ऑफिस, दवाखाना, बस स्टँड अशा अकरा ठिकाणी पायऱ्यांशेजारी उतार करून घेतले. मी मागून ढकलायचो, ती रस्ता सांगायची, आणि आम्ही भांडत जायचो. कोणी उचलायला आले की म्हणायची, "माले उचलू नका, रस्ता करा."

२. ती गेल्यावर लिंबायतच्या चौकात तिचा पुतळा बसवायचे ठरले. शिल्पकाराचे म्हणणे होते, फळीवर बसलेली शोभाबाई जमिनीपासून हातभरच उंच ठेवू, कोणालाही जवळ येऊन हात लावता येईल. पुतळा समितीचे आनंदा पाटील म्हणाले, "पुतळ्याला कोणी हात लावतं का? विटंबना होते." शेवटी निर्णय माझ्यावर सोडला. मी लिहून दिले, उंच ठेवा. जन्मभर लोकांनी तिला खाली वाकून पाहिले, आता जरा माना वर करू देत, एवढेच माझ्या डोक्यात होते.

आठ फुटांचा ओटा झाला. वर्षातून एकदा शिडी लावून हार घालतात. अनावरणाला तिची जुनी सोबतीण धुरपदाबाई तीनचाकी सायकलवर आली होती. ओट्याला सायकल टेकवून म्हणाली, "भाऊ, माले ते नुसता दगडच दिखस. शोभा कोठे शे?" मी म्हटले, मला शिडीवर चढवा. पोरे म्हणाली, "काका, पडी जशो." मी हात वर केले. ओट्याची कडसुद्धा हाताला लागली नाही.

३. लिंबायतची खोली पुतणी उज्ज्वला हिला द्यावी. दारातला उतार तिने तोडू नये. स्कूटर लावायला आड येतो असे ती दोनदा बोलली आहे, मी ऐकले आहे.

४. शोभाबाईची फळी कोणा गरजूला द्यावी. हार घालून भिंतीला टांगू नये.

५. आनंदा पाटलांना माझ्या दहाव्याला बोलावू नये, असे आधी सांगितले होते. ते खोडावे. त्यांनी तिला वर नेले ते मला विचारून. त्यांना बोलवावे, पोटभर जेवू घालावे.

६. पुतळा खाली आणावा म्हणून मी चार अर्ज केले. प्रत्येक उत्तराला माझ्याच त्या पत्राची प्रत जोडून येते, खाली माझी सही. डोळे गेल्यावर ती सही शोभाबाईनेच माझा हात धरून घोटवून घेतली होती. पाचवा अर्ज उज्ज्वलाने करावा. काही होणार नाही हे मला माहीत आहे. तरी करावा.

ती गेल्यावर पहिली काही वर्षे तिचा चेहरा माझ्या बोटांत होता. हनुवटीवरचा व्रण, नाकातली चमकी. आता बोटे फिरवतो, काही लागत नाही. ती चौकात आहे आणि मी तिथे जाऊन तासभर उभा राहिलो तरी मला ती नाही. हे माझ्या हातून झाले, आणि याच्यावर आता इलाज नाही.

७. मृत्युपत्रात आधीची मृत्युपत्रे रद्द करायची असतात म्हणे. मी आधी एकही केलेले नाही. मला रद्द करायचा कागद एकच आहे, "उंच ठेवा" हे पत्र. वकीलबाई म्हणाल्या, "काका, मृत्युपत्रानं ते रद्द होत नाही." मी म्हटले, लिहा.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो माझाच आहे. साक्षीदार क्र. १ यांना वकीलबाईंच्या ऑफिसचा जिना चढता येत नाही, म्हणून आम्ही सगळे खाली उतरलो आणि रस्त्यावर, त्यांच्या सायकलजवळ सह्या केल्या.

सही: उखा दगा महाजन

साक्षीदार:
१. धुरपदाबाई सुकदेव माळी
२. गोपाल भिका चौधरी

सुरत, दि. ९ जानेवारी २०२५