वाचनालयाची भिंगरी

सोम. ३ फेब्रु., सकाळी ७
नोकरी संपली, बुद्धी नाही. अमीरपेटचा वेबसाइटचा क्लास काल पूर्ण. पोरं सगळी विशीतली, मी एकसष्टचा. सर म्हणाले, अंकल, आप अलगच हो. कौतुक असावं. चिक्कडपल्लीच्या आपल्या मराठी वाचनालयाची वेबसाइट मी एकटा करणार. २७ तारखेला, मराठी भाषा दिनी उद्घाटन. अध्यक्ष प्रतापरावांना शब्द दिला. विकासची मदत नक्को. पोरगा कोंडापूरला हेच काम करतो, पण बापाला शिकवताना त्याचा आवाज चढतो.

शनि. ८ फेब्रु.
पान तयार. पुस्तकाचं नाव टाकलं की सात कपाटांच्या याद्यांकडे सात निरोप जातात. उत्तरं येईपर्यंत पान कोरं. भाग्यलक्ष्मीला दाखवलं. बंद पडलंय म्हणाली आणि कुकर लावायला गेली. बायकोला धीर नाही. इलाज: गोल फिरणारी भिंगरी. लोडर म्हणतात. संध्याकाळपर्यंत होईल.

बुध. १२ फेब्रु.
भिंगरीचा रंग ठरला.

शुक्र. १४ फेब्रु.
फिरली! फक्त पहिल्या कपाटाचं उत्तर आलं की थांबते, बाकी सहा वाटेतच असतात. ग्रंथपाल शोभाबाईंनी लोणच्यांचं पुस्तक शोधलं. भिंगरी थांबली, पानावर काही नाही. बाई उठल्या, पाचव्या कपाटातून पुस्तक घेऊन आल्या. पाचवी यादी त्यानंतर आली. तीस वर्षं नोकरी, तरी घाई फार.

रवि. १६ फेब्रु., सकाळी
इलाज सापडला. मोजणी! निरोप गेला की एक वाढवायचा, उत्तर आलं की एक कमी करायचा. शून्य झालं की भिंगरी बंद. माझीच कल्पना. क्लासच्या वहीतही आहे, पण ते नंतर दिसलं.

रवि. १६ फेब्रु., दुपारी ४
सहाव्या कपाटाकडून उत्तराऐवजी एरर आला. एररचा एक कमी करायचं राहिलं. भिंगरी जेवणाआधी सुरू झाली, झोपून उठलो तरी चालूच. दमसास चांगला आहे.

मंगळ. १८ फेब्रु.
एररचाही एक कमी केला. तो दोनदा कमी होतो. मोजणी उणे एक, भिंगरी पुन्हा वेळेआधीच थांबते. विकासचा फोन: बाबा, काही अडलं का? म्हटलं, छे, तुझं काही अडलं तर विचार.

शनि. २२ फेब्रु.
मोजणीचं तत्त्वच जुनाट. आता दर कपाटाला स्वतंत्र भिंगरी. सात भिंगऱ्या, सात रंग. भाग्यलक्ष्मीने पाहिलं आणि भिंत धरली. म्हणजे परिणाम आहे. शोभाबाईंना सांगितलं, आता रजिस्टर बंद करा. चष्मा पुसत राहिल्या. असं बोलायला नको होतं बहुतेक.

गुरु. २७ फेब्रु., संध्याकाळी
उद्घाटन. चाळीस माणसं, मोठा पडदा. प्रतापरावांनी आंब्याच्या कलमांवरचं पुस्तक मागितलं. सातही भिंगऱ्या फिरल्या. टाळ्या. फिरतच राहिल्या. हॉलचं नेट कमजोर, त्याला मी काय करणार. वेळ जावा म्हणून लोडरवर अठरा मिनिटं बोललो. तेवढ्यात लोक एकेक करून शोभाबाईंकडे गेले. बाईंनी रजिस्टर उघडून एकतीस पुस्तकं दिली. पहिलं प्रतापरावांना. ते म्हणाले, एकनाथराव, बस करो, सबका सर चकरा रहा. शेवटी शोभाबाईंनीच मला पाणी आणून दिलं. बसा जरा, म्हणाल्या.

घरी येऊन विकासला फोन केला. फक्त नेटची तक्रार सांगायला. त्याने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढला नाही. तेच जास्त लागलं.

रवि. २ मार्च
विकास वाचनालयात आला. पाऊण तास बसला. सात निरोपांचा एकच निरोप केला. आता नाव टाकायचा अवकाश, पुस्तक कुठल्या कपाटात ते हजर. शोभाबाईंनी तीन पुस्तकं शोधली आणि चक्क हसल्या. प्रतापरावांनी विकासच्या पाठीवर थाप मारली.

मी विचारलं, भिंगरी कुठाय? म्हणाला, आहे की बाबा, काढली नाही. दिसण्याइतका वेळच मिळत नाही तिला.

मग मी अकरा वेळा शोध घेतला, पापणी न लवता. एकदा कडेला काहीतरी हललं. शोभाबाई म्हणाल्या, पाल.

विकासला विचारलं, साइट थोडी सावकाश करता येईल का? दोन सेकंद तरी? तो तेव्हा बूट घालत होता. ऐकू गेलं नसावं.