लाल झेंड्यांची सासी

२ ऑक्टोबर, सकाळी
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात म्हणे. शाळेतून रिटायर झालो तरी अख्खं गाव मला अजून बापा गुरूच म्हणतं. म्हणजे गावाचं माझ्यावाचून अडतं. काल खाडीच्या सासीचं, म्हणजे ठरावीक मुदतीच्या मासेमारीबंदीचं, अध्यक्षपद एकमताने माझ्याकडे आलं. बायका काही बोलल्या नाहीत, तेही एकमतच.

सासी ओर्पाच्या महिला मंडळाने बांधली, हे मान्य. माझी बायकोच ती, नाकारतो कशाला? खाडीच्या तोंडाशी खांब रोवला, नारळाची कोवळी झावळी बांधली, प्रार्थना केली आणि तीन वर्षं कोणी आत जाळं टाकलं नाही. पण आता पाकटमोऱ्या परत आल्यात. डोकं पाकट माशासारखं चपटं, शेपूट मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं. आजोबांच्या काळी होड्या भरून मिळायच्या, मग व्यापारी त्यांच्या पंखांना भाव देऊ लागले, त्यापायी पार संपल्या. आता पोटुशा माद्या उथळ पाण्यात विणीला येतात. म्हणजे विषय शास्त्राचा झाला. तिथे बायकांचं काय काम?

६ ऑक्टोबर
ओर्पाबरोबर खाडीत गेलो. गुडघाभर पाणी. आठ-नऊ माद्या वाळूत अर्ध्या पुरून पडलेल्या, पोटं टम्म. एक माझ्या पायाला घासून गेली. मी ओरडलो नाही. ओरडलो तो दगड टोचला म्हणून.
ओर्पा पाण्यात हात सोडून उभी राहिली, तर एक हळूच तिच्याजवळ आली. ओर्पाच्या डोळ्यांत पाणी. निरीक्षण करताना भावना नकोत, असं मी तिला समजावलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

९ ऑक्टोबर
जिल्ह्याहून फोन! पंचवीस तारखेला मोठे साहेब येऊन सासी स्वतःच्या हाताने उघडणार. सासी खरं तर नोव्हेंबर सरता उघडायची, पिल्लं खोल पाण्यात गेल्यावर. पण साहेबांना दुसरी तारीख नाही. ओर्पा म्हणाली, पाकटमोरीच्या पोटाला साहेबांची तारीख कोण कळवणार, तुम्ही?
यावर माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. आंघोळ करताना सगळी आठवली.

१० ऑक्टोबर
संकल्प: घरात आवाज चढवायचा नाही.
आठ वाजता चढला. तिनेच चढवायला लावला.

१४ ऑक्टोबर
प्लॅन तयार. काय प्लॅन आहे! उथळ भागाला दोरी, दोरीला लाल झेंडे. बाहेर समुद्रकाकड्या, शिंपले, काय हवं ते घ्या. आत प्रवेश बंद. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.
नकाशा योपीला दाखवला. योपी ओर्पाचा धाकटा भाऊ, गावात त्याच्यासारखं जाळं कोणी टाकत नाही आणि त्याच्याइतकी वाकडी जीभही कोणाची नाही. त्याने बराच वेळ नकाशा न्याहाळला. मग विचारलं, बापा गुरू, झेंडे अगदी त्या असतात तिथंच लावणार ना? म्हटलं, बरोब्बर तिथंच. मग काय बघायलाच नको, म्हणाला. या माणसाने जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं.

१९ ऑक्टोबर
वडीलधाऱ्यांची बैठक. मी तासभर बोललो. दोघे झोपले, म्हणजे त्यांचा विरोध नव्हता. ओर्पा उठून म्हणाली, वेळेआधी उघडलेली सासी म्हणजे मोडलेली सासी. पाद्रीबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सर्वांसमक्ष शब्द दिला: एकाही पाकटमोरीच्या केसाला धक्का लागणार नाही. त्यांना केस नसतात, असं योपी मागून म्हणाला. हशा. तरी ठराव पास.
घरी ओर्पाने पान वाढलं आणि बाहेर जाऊन बसली.

२४ ऑक्टोबर
दिवसभर झेंडे रोवले. कापड कमी पडलं म्हणून ओर्पाचा कमरेला गुंडाळायचा लाल सारोंग फाडला. सांगेन सावकाश. टेकडीवरून बघितलं, उथळ भाग जत्रेसारखा दिसतोय. पलीकडच्या गावची होडी थांबली, झेंडे कशाचे म्हणून विचारलं. मी सगळं नीट समजावून सांगितलं. ज्ञान दिल्याने वाढतं.

२५ ऑक्टोबर, संध्याकाळी
साहेब आले. बँड वाजला. मला शाल. साहेबांनी झावळी सोडली, टाळ्या. मग फोटो. उजेड समोरून हवा म्हणून आम्ही समुद्राकडे पाठ करून उभे राहिलो. साहेबांचे डोळे सारखे मिटत होते, वेळ लागला.
वळून पाहिलं तर जाळी झेंड्यांच्या आत! पहिलं योपीचं. मी शिट्टी वाजवली. बँडवाल्यांना वाटलं इशारा आहे, त्यांनी जोर वाढवला.

२६ ऑक्टोबर
कालचं नीट लिहून ठेवतो, उद्या कोणी माझ्यावर ढकलायला नको. माद्या ओढून वाळूवर आणल्या. ओढताना त्या पिल्लं टाकतात, हा त्यांचा स्वभाव, माझा दोष नव्हे. ओर्पा एकेक पिल्लू परातीत घालून पाण्यात नेत होती. येत होती, जात होती. थोडी पोहून गेली. बाकीची तशीच तरंगली.
साहेबांनी विचारलं, ही बाई कोण? मी म्हटलं, आमच्या गावातलीच आहे. बायको म्हणालो असतो, पण तिचे कपडे रक्ताने माखलेले, आणि साहेब निघायच्या घाईत.
जाळी ओढल्यावर आणि साहेब निघायच्या आधी जेवण झालं होतं. पापेडा, म्हणजे आमची सागूची चिकट लापशी, आणि पिवळा रस्सा. रस्सा पाकटमोरीचा होता, हे दुसऱ्यांदा घेतल्यावर कळलं. पानात टाकणं पाहुण्यांसमोर बरं दिसलं नसतं.

३१ ऑक्टोबर
योपी भेटला. बापा गुरू, झेंडे नसते तर अर्धा दिवस शोधण्यातच गेला असता, म्हणाला. मी त्याला बजावलं की प्लॅनमध्ये चूक नव्हती, पाळणाऱ्यांत होती. त्याने सुकी मासळी दिली. घेतली. नाती तोडून चालत नाही.

५ नोव्हेंबर
ओर्पा बोलत नाही. संकल्प: माफी मागायची. आज तिचं डोकं दुखत असावं. उद्या.

७ नोव्हेंबर
साहेबांचा फोन. पुढच्या वर्षी दोन खाड्या उघडू म्हणाले. या आनंदात माफी राहिली.

१० नोव्हेंबर
ओर्पाने खाडी पुन्हा बंद करायचं ठरवलं. दोन माद्या निसटल्यात, वाळूत त्यांचे ठसे तिने पाहिले. सगळं गाव किनाऱ्यावर.
पाद्रीबाबांनी जुना नियम सांगितला. मोडलेल्या सासीतलं ज्याने खाल्लं, त्याने नव्या खांबाला हात लावायचा नाही. खाल्लेल्यांनी मागे व्हावं. वडीलधारे मागे झाले. योपी झाला, बँडवाले झाले. मंडळाच्या बायका मान खाली घालून एकेक करून मागे सरल्या. त्या दिवशी घरोघर वाटा गेला होता. शेवटी पाद्रीबाबाही मागे झाले.
मी अध्यक्ष म्हणून पुढेच उभा राहिलो. म्हटलं, मी फक्त रस्सा घेतला. ओर्पा म्हणाली, रस्सा पाकटमोरीचाच होता ना? पंधरा दिवसांत माझ्याशी एवढंच बोलली.
मी मागे झालो.
पुढे ओर्पा एकटी. खांब रोवायला दोघं लागतात, एकाने धरायचा, दुसऱ्याने ठोकायचा. तिने खांब उभा धरला आणि आमच्याकडे पाहत राहिली. बराच वेळ धरला. भरतीचं पाणी तिच्या कमरेपर्यंत आलं. मग तिने खांब पाण्यात सोडून दिला आणि आमच्यातून वाट काढत घरी गेली.
संध्याकाळी योपीची होडी खाडीत शिरली. कोणी त्याला अडवलं नाही. मीही नाही.