चंदगडच्या आज्जीची पोरगी

शिरोळ

प्रिय तानाबाई,

जयभीम. फोन लावला की तुम्ही तिकडं रडता आणि मी इकडं. बोलायचं ते राहूनच जातं, म्हणून आज लिहायला बसले. क्रांती शाळेत गेलीय, माझा प्रसेनजीत कामावर. घरात मी एकटीच आहे.

तुमची नात बरी आहे. पुढचे दात पडलेत, पण तोंड काही मिटत नाही. संध्याकाळी विहारात माझ्याशेजारी बसून पंचशील म्हणते. परवा वाटेत मला थांबवून म्हणाली, “आज्जे, रोज सुरमई खाणार न्हाय म्हणतोय की आपण. मग मामाकडं कशी खाल्ली?” मला आधी कळेचना. मग लक्षात आलं, दारू पिणार नाही असं सांगणारं ‘सुरामेरय’ तिला सुरमई ऐकू येतंय! तुमच्याकडं खाल्लेल्या माशापायी लेकरू मनातून भीत होतं. भर रस्त्यात मी हसले. संघप्रिया गेल्यापासून पहिल्यांदाच. आणि हसता हसता रडू आलं, कारण घरी जाऊन हे सांगावं तर तिलाच. तुमची लेक असलं काही ऐकलं की पोट धरून खाली बसायची.

कोल्हापूरच्या दवाखान्यातून तिला आणलं, त्यानंतर मी विहारात जाणंच सोडलं होतं. सगळं अनित्य आहे हे जन्मभर म्हणत आले, पण घरातून तरणीताठी सून गेली तेव्हा ते म्हणणं काही कामाला आलं नाही. मला परत नेलं ते या पोरीनं. हात धरून म्हणाली, “तू येत न्हाईस, तर माझ्या शेजारची फरशी गार लागती.” तेवढ्यासाठी गेले. आता रोज जाते.

सगळंच हसण्यासारखं नसतं हो. एकदा फोटोपुढं उभी राहून आईला सांगत होती, “दात पडलाय म्हणून बोलत न्हाईस व्हय? माझा पण पडलाय. बोल की, मी हसणार न्हाय.” मी स्वयंपाकघरात होते. तव्यावरची भाकरी करपली, तरी मला वास आला नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. प्रसेनजीतचं दुसरं लग्न ठरवतोय. तो तयार नव्हता, मीच मागं लागले. मुलगी जयसिंगपूरची, अनुजा. औषधांच्या दुकानात काम करते. आई लहानपणीच गेली, काकांनी वाढवलं. क्रांतीला जवळ घेऊन हे मीच सांगितलं. पोरीनं पडलेल्या दातांच्या जागी जीभ फिरवली. मग म्हणाली, “तिला आई न्हाय, आणि चंदगडच्या आज्जीला पोरगी न्हाय. मग त्या दोघी एकमेकीला घेऊ देत की.” प्रसेनजीत उठून बाहेर गेला. मी बरेच दिवस हे मनातच ठेवलं. तुमच्या लेकीच्या घरात येणाऱ्या मुलीमागं आईच्या जागी तुम्हीच उभं राहायचं, हे कोणत्या तोंडानं मागू? तुम्ही नाही म्हणालात तरी माझ्या मनात काही येणार नाही. संघप्रिया माझीही होती. पण क्रांतीचं बोलणं अनुजाच्या कानावर गेलं, तेव्हा तिनं एवढंच विचारलं, “त्या येतील का हो?” विचारताना तिचा आवाज अगदी लहान पोरीसारखा झाला होता. शाळेला सुट्टी लागली की मी क्रांतीला घेऊन एसटीनं चंदगडला येते. सोबत अनुजाला आणू का?

तुमचीच,
शेवंता