सांबार आणि वेताची खुर्ची

बाबा, तुम्ही आणलेली ती वेताची खुर्ची अजून घरात आहे. वेत दोनदा विणून घेतला, एक पाय बदलला, पण आहे. तुम्ही शिपाई होतात त्या कचेरीतलं जुनं सामान लिलावात निघालं तेव्हा तुम्ही ती घेतली आणि सायकलच्या कॅरियरला बांधून, स्वतः पायी चालत, गल्लीतल्या प्रत्येक ओट्यावरच्या माणसाला दिसेल अशी घरी आणली. मी तेव्हा चौथीत. माझे पाय जमिनीला टेकेनात, म्हणून तुम्ही आईच्या बुडाखालचा पाट काढून माझ्या पायाखाली सरकवलात. म्हणालात, "याच्यावर बसून अभ्यास कर. पुढं याच्याहून मोठी भेटन तुले." त्या दिवसापासून आई फरशीवर बसून पोळ्या लाटायला लागली. बुलढाण्याच्या हिवाळ्यातली फरशी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. तिनं पाट परत मागितला नाही आणि तुम्ही दिला नाहीत.

आणि तो पाडवा. गुढी उभारून झाली की तुम्ही मला देवासमोर बसवायचे, हाताची ओंजळ करायला लावायचे आणि पळीनं पाणी घालायचे. भटजींचं पाहून पाहून शिकलेला संकल्प होता तो, त्यातलं अर्धं संस्कृत तुम्हाला येत नव्हतं. मग मराठीवर यायचे. "हे पोरगी यंदा मन लावून शिकन. पहिली येईन. साहेब होईन." मी फक्त "हो" म्हणायचं आणि पाणी ताम्हणात सोडायचं. हात माझा, पाणी माझ्या हातात, आणि बोलणारे तुम्ही. एका वर्षी मी विचारलं होतं, "मी म्हणू का, बाबा?" तर तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तुले काय समजते अजून?" बरं, तेव्हा नव्हतं समजत. पण बी.ए.ला होते तेव्हाही पळी तुमच्याच हातात होती.

मला काय हवं होतं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पिंपळगाव राजाला मामाकडे असायचे. मामाची भाजीची वाडी. धने तसेच पेरायचे नाहीत, चपलेखाली रगडून दाण्याच्या दोन फाका करायच्या, मग पेरायचे, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी यायचं. पुण्यामुंबईचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो आपला सांबार. त्याच्या जुड्या बांधायच्या, ओल्या पोत्यावर मांडायच्या आणि बाजाराच्या दिवशी मामाशेजारी बसून ओरडायचं. एकदा मी ओरडते आहे, "ताजा सांबार, ताजा सांबार", आणि समोर पांढऱ्या सदऱ्यातले तुम्ही उभे. मला न्यायला आलेले. मामा कौतुकानं म्हणाला, "भाऊजी, पोट्टीचा हात लय चांगला हाय, लावलं ते उगवते." तुम्ही माझं मनगट धरून मला एसटीत बसवलंत. घरी आल्यावर मला मोरीत नेलंत, नारळाची शेंडी आणि साबण घेऊन माझे हात घासलेत. "नखात माती हाय अजून. पुन्हा धू." मी रडत होते. तेव्हा म्हणालात, "आपल्या घरी भाजी इकत नाही कोणी. जन्मभर साहेबासमोर उभा राह्यलो मी, ते तुले बजारात बसवासाठी काय?"

आपल्या घरी कोणी विकत नाही, म्हणे. तुमची स्वतःची आई मोताळ्याच्या बाजारात पाटी घेऊन बसायची आणि तुम्ही शाळेतून येताना तिला टाळून मागच्या गल्लीनं जायचे, हे मला आईनं सांगितलं, तुमचा तेरावा झाल्यावर. बाबा, लाज तुमची होती. ती माझ्या गळ्यात काऊन बांधली?

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागायच्या आधीच तुम्ही गेलात. लोक म्हणाले, बिचाऱ्याला पाहायला मिळालं नाही. मला मात्र तुमचा राग आला, आजही येतो. नायब तहसीलदाराची ऑर्डर हातात घेऊन मला तुमच्यापुढे उभं राहायचं होतं आणि म्हणायचं होतं, घ्या, झाले साहेब, आता मला सोडा. म्हणायला समोर कोणी उरलंच नाही. मग सुटका कोण करणार? करत राहिले. काम वाईट केलं नाही. पण सकाळी कचेरीची पायरी चढताना एक दिवस आनंद वाटला असेल तर शपथ. वर मला कॉलेजात भाषणाला बोलवायचे, विषय ठरलेला, 'ध्येय कसं ठरवावं'. मी सांगायचे, आपल्या मनाला विचारा, आपल्याला काय मोलाचं वाटतं ते पाहा, मग ठरवा. टाळ्या पडायच्या. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "मॅडम, तुमाले लहानपणी काय व्हायचं होतं?" मी म्हणाले, "हेच."

गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदाच्या पाडव्याला देवासमोर एकटीच बसले, डाव्या हातानं पळी धरून उजव्या तळव्यावर पाणी घेतलं आणि काय म्हणायचं ते शोधत बसले. पाणी बोटांतून गळून गेलं. पुन्हा घेतलं. शेवटी म्हणाले, मी सांबार लावीन. हसू नका. या वयाला माणसानं देवापुढे याहून मोठं काही मागायला पाहिजे, पण माझ्याकडे माझं म्हणून तेवढंच शिल्लक होतं. मागच्या अंगणात वाफा केला, धने चपलेखाली रगडले, उन्हात सांबार टिकत नाही म्हणून आईचं जुनं लुगडं वर बांधून सावली केली. आणि बाबा, उगवला. हिरवागार, दाट. पहाटे उठून मी नुसती त्याच्याजवळ बसायचे. इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

परवा जुड्या बांधून फाटकापाशी ठेवल्या होत्या, शेजारीपाजारी वाटायला. रस्त्यानं जाणारी एक बाई थांबली. सांबाराचा वास घेतला आणि साधंच विचारलं, "ताई, जुडी केवढ्याले?" यासाठी मी केवढी वाट पाहिली असेल, तुम्हीच सांगा. आणि माझ्या तोंडून निघालं, "आमच्या घरी भाजी विकत नाही कोणी." आवाज असा चढला की ती दचकली. "नाही तर राहू द्या, माय," म्हणाली आणि गेली. मी आत आले, मोरीत गेले आणि हात धुतले. नखं उजेडात धरून पाहिली, माती राहिली का म्हणून. मग पुन्हा धुतले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं, बाबा? घडी करून इथंच ठेवून देते. लिहितेय ते तुमच्याच खुर्चीवर बसून. पाय आता टेकतात. बसायला चांगली आहे, मेली.