वहिनींच्या खुर्चीचा आस

दि. ३ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लेथ फिरला! मागच्या खोलीत दीड वर्ष माझं जे खुडबुड चाललं होतं, त्याला अखेर यश आलं. जुन्या वॉशिंग मशीनची मोटर, भंगारातल्या पंपाचा शाफ्ट आणि दोन जाड लोखंडी चॅनेल यांचं लग्न लावता लावता घरचं माणूस माझ्याशी बोलेनासं झालं होतं. शाळेतल्या निवृत्त कारकुनाने लोखंड कातायचा लेथ बांधायचा म्हणजे जरा अतीच, असं तू म्हणाला होतास. आता येऊन बघ, लोखंडाची साल कशी सुरसुरत निघते ती!

पहिलं काम वहिनींचं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्या ज्या चाकांच्या खुर्चीत बसतात, तिच्या चाकांचा आस झिजलाय असं तू लिहिलं होतंस. कारखान्यातून करून आणतो म्हणत होतास, मीच अडवलं. तू कळवलेल्या मापाने नवा आस करून पाठवतो आहे. पॉलिश असं केलंय की त्यात तोंड बघावं. पस्तीस वर्षं कारखान्यात लेथवर टर्नर होतास, आता एकदा तरी धाकट्याला शाबासकी दे.

लोभ आहेच, या खेपेला जरा जास्त असू दे.

तुझा,
धाकटा


दि. १२ फेब्रुवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

आस पोचला, बसवला. काम झकास आहे, नाव ठेवायला जागा नाही. तुझी वहिनी आज स्वतः चाकं फिरवत कोपऱ्यावरच्या बागेपर्यंत गेली आणि माझ्या दिराने घरी कारखाना काढलाय असं शेजारणीला सांगून आली. लेथवर उभा राहताना बाह्या वर दुमडत जा, डोळ्यांना जाड चष्मा लाव. बाकी क्षेम.

तुझा,
दादा


दि. ९ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

बातमी वाईट आहे, घाबरू नकोस. परवा बागेच्या उतारावर आस मोडला, चाक निसटलं आणि तुझी वहिनी उजव्या हातावर पडली. मनगट मोडलं. ऑपरेशन करून आत पट्टी बसवली आहे. दुखतं खूप, पण सोसते आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. उतारावर खड्डा होता, चाक त्यात आदळलं. असा दणका कुठल्याच आसाने सोसला नसता. मोडका तुकडा मी टाकून दिला.

तुझा,
दादा


दि. १८ मार्च

ती. दादास,
सा. न.

ताप आलाय म्हणून येता येत नाही, असं मी फोनवर म्हणालो. ताप-बीप काही नव्हता. वहिनींसमोर उभं राहायचं धाडस नव्हतं.

खड्ड्याचं तू माझ्यासाठी लिहिलंस, हे न कळण्याइतका मी खुळा नाही. वेळेला असावा म्हणून तसाच दुसरा आस मी करून ठेवला होता, तो काढून पाहिला. जाड भाग संपून बारीक सुरू होतो त्या कोपऱ्यात थोडी गोलाई ठेवायची, नाहीतर तिथूनच तडा जातो, हे तूच मला शिकवलंस. माझा कोपरा सुरीने कापल्यासारखा आहे. आणि विसरलो असंही नाही, दादा. गोलाईसाठी लेथचं कापायचं टूल पुन्हा घासावं लागलं असतं, अर्ध्या तासाचं काम. पार्सलवाला यायची वेळ झाली होती. चालून जाईल, म्हटलं. पॉलिशला मात्र मला तेवढा वेळ सापडला.

वहिनींचा हात मी मोडला. मोटरची वायर काढून ठेवली आहे, लेथ भंगारात देतो. लोभ असावा, हे लिहायला या वेळी हात धजत नाही.

धाकटा


दि. २५ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

लेथ भंगारात देऊ नकोस, आधी हे वाच.

खड्डा नव्हता. तुकडाही टाकलेला नाही, माझ्या खणात आहे. आणि तुला आता जे दिसलं, ते मला पार्सल उघडलं त्याच दिवशी दिसलं होतं. सवयीने कोपऱ्यात नख फिरवलं, ते अडकलं. आस तसाच परत पाठवायला हवा होता. पण तुझं पत्र समोर होतं. लहानपणापासून तुझ्या प्रत्येक कामात मी खोट काढत आलो. तुझं स्टूल, तू दुरुस्त केलेली सायकल, तुझं अक्षरसुद्धा. या वयात तरी एकदा याला झकास म्हणावं, असं फार वाटलं. जुन्या कारखान्यातून दुसरा करून आणीन आणि गुपचूप बदलीन, असं ठरवलं. मग आज जातो, उद्या जातो करत राहिलो.

तू घाई केलीस. मी जाणूनबुजून तिला त्यावर बसवलं. हे तिला अजून सांगितलेलं नाही. तिला भरवताना ती माझं कौतुक करते, आणि माझी मान वर होत नाही.

तुझा,
दादा


दि. ६ एप्रिल

चि. भावजींना अनेक आशीर्वाद.

अक्षराला हसू नका, डावा हात अजून नवशिका आहे. उजव्याला पेन धरवत नाही. बोटं पूर्वीसारखी मिटतील असं खात्रीने सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. हे यांनी तुम्हाला कळवलं नसणार, म्हणून मी कळवते.

परवा यांनी सगळं कबूल केलं, तुमचं पत्रही वाचायला दिलं. दिवसभर मी यांच्याशी बोलले नाही. तुमच्यावरही राग आहे, तो लपवत नाही. दोघा भावांनी एकमेकांची मनं जपलीत आणि पडले मी. पॉलिश मी मागितलं नव्हतं, भावजी. मला बागेपर्यंत जायचं होतं.

लेथ विकलात तर माझा हात बरा होणार नाही, तेव्हा ते नाटक नको. वायर जोडा, नवा आस करा आणि स्वतः घेऊन या. ताप आला तरी या. हे तो आस तपासतील आणि जे दिसेल ते माझ्यादेखत, तुमच्या तोंडावर बोलतील. तुम्हाला वाईट वाटलं तर वाटू दे. चार वेळा नापास केला तर चार वेळा परत न्या. दोघं मिळून हो म्हणालात, की मी त्यावर बसेन.

माझा लोभ होता तसाच आहे. नसता, तर इतकं रागावले नसते.

तुमची,
वहिनी